उशिरा उमटलेला निळा रंग

स्नायूचा एक तुकडा घ्यायचा, थंडगार आम्लात घोटायचा आणि प्रथिनं खाली बसली की वरचं पाणी गाळून घ्यायचं. त्यात गंधकाम्ल आणि मॉलिब्डेट घालायचं, मग रंग आणणारं आणखी एक संयुग. पाण्यात फॉस्फेट असेल तर ते निळं होतं, आणि फॉस्फेट जितकं जास्त तितका निळा गडद. शेजारी फॉस्फेटचं प्रमाण आधीच ठाऊक असलेलं द्रावण ठेवायचं. मग कलरीमीटरच्या भिंगाला डोळा लावून, दोन्ही अर्धवर्तुळं एकाच छटेची दिसेपर्यंत काचेचे पेले वरखाली करत राहायचं. छटा जुळली की पट्टीवरचा आकडा वहीत उतरवायचा.

हार्वर्ड मेडिकल स्कूलमधले सायरस फिस्क आणि यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी ही पद्धत १९२५ साली ‘जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री’त छापली. रक्तावर ती छान चालली, लघवीवरही चालली. स्नायूच्या द्रावणात मात्र रंग रेंगाळत यायचा. इतर नमुने काही मिनिटांत जी छटा गाठत, तिथपर्यंत पोचायला स्नायूचं द्रावण कितीतरी जास्त वेळ घेई. घाईतला माणूस इथे म्हणाला असता की पद्धतीतच खोट आहे, आणि स्नायूचा नाद सोडून दिला असता. या दोघांनी उशिराचीच मोजणी सुरू केली. फॉस्फेट मोकळं असेल तर रंग लगेच यायला हवा. तो हळूहळू येतोय, याचा अर्थ फॉस्फेट कशाला तरी सैलसर बांधलेलं आहे आणि नळीतल्या आम्लात ती गाठ सावकाश सुटते आहे.

ज्याला ते बांधलेलं होतं तो पदार्थ निघाला क्रिएटिन. मांजरांच्या स्नायूंवर केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की स्नायूला विजेचे झटके देऊन राबवलं की हा क्रिएटिन फॉस्फेट झपाट्याने उतरतो आणि विसावा दिला की पुन्हा भरून येतो. तोवरचे सगळे रसायनतज्ज्ञ ज्याला स्नायूतलं मोकळं फॉस्फेट समजत होते, त्यातला मोठा हिस्सा मोकळा नव्हताच. तपासणीचं आम्ल घातल्यावर तो मोकळा होत होता. १९२७ साली ‘सायन्स’मध्ये हे छापून आलं. लंडनच्या फिलिप आणि ग्रेस एगलटन या दांपत्यालाही त्याच सुमारास बेडकाच्या स्नायूत हा अस्थिर पदार्थ सापडला होता. त्यांनी त्याला नाव दिलं, पण तो नेमका काय आहे हे बोस्टनच्या या जोडीने सांगितलं.

याचं वजन कळायला थोडी पार्श्वभूमी हवी. १९२२चं वैद्यकशास्त्राचं नोबेल आर्चिबाल्ड हिल आणि ओटो मायरहॉफ यांना स्नायूंवरच्या कामासाठी मिळालं होतं. साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार होतं आणि त्याच्यामुळेच स्नायू आखडतो, अशी तेव्हाची समजूत होती. आता मध्येच हा नवा साठा उभा राहिला. पुढे १९३० साली डेन्मार्कच्या आयनार लुंड्सगार्ड यांनी दाखवून दिलं की लॅक्टिक आम्ल तयारच होऊ दिलं नाही तरी स्नायू काही काळ आखडत राहतो, आणि तेवढ्यात क्रिएटिन फॉस्फेट खर्ची पडतो. जुनी इमारत ढासळली. तिचा पहिला दगड हलला होता तो रंग यायला लागलेल्या उशिराने.

हे सुब्बाराव कोण, हा प्रश्न आपल्याकडे सहसा व्हॉट्सॲपवरच्या ‘नोबेल हुकलेले भारतीय’ छापाच्या मजकुरातून विचारला जातो. तिथे जगातली निम्मी औषधं त्यांनी एकट्याने शोधलेली असतात आणि गोऱ्यांनी ती पळवलेली असतात. मला या तक्रारीचा कंटाळा आहे. अन्याय झालाच नाही असं माझं म्हणणं नाही. पण तक्रारीच्या गदारोळात त्यांचं काम दिसेनासं होतं, आणि ते काम तक्रारीपेक्षा कितीतरी रंजक आहे.

जन्म १२ जानेवारी १८९५चा, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या भीमावरमचा. घरची ओढग्रस्त. पोरवयात ते घरातून पळाले. काशीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकायची आणि श्रीमंत व्हायचं, असा बेत होता. वाटेतूनच धरून परत आणलं. मॅट्रिकला दोनदा आपटले, तिसऱ्यांदा सुटले. मग रामकृष्ण मिशनचा ओढा लागला. संन्यास घ्यायचा तर आधी डॉक्टर हो, म्हणजे मिशनच्या कामाला येशील, असं सांगण्यात आलं म्हणून मद्रास मेडिकल कॉलेज. असहकाराचे ते दिवस. हे महाशय शस्त्रक्रियेच्या वर्गात खादीचा अंगरखा चढवून गेले. इंग्रज प्राध्यापकाची मर्जी गेली, आणि हातात एमबीबीएसऐवजी त्याहून खालची एलएमएस पदविका पडली. सरकारी नोकरीची वाट बंद झाल्यावर मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शिकवणं आलं.

तरुणपणी घरात आणखी एक आघात झाला होता. थोड्या दिवसांच्या अंतराने दोन भाऊ गेले, दोघेही स्प्रूने. जुलाब थांबत नाहीत, अन्न अंगी लागत नाही, जीभ सोलवटते, रक्त आटत जातं असा हा आजार. त्या काळी त्यावर खात्रीचा उपाय नव्हता.

सासऱ्यांची मदत आणि काकीनाड्याच्या एका धर्मादाय संस्थेचा आधार घेऊन ऑक्टोबर १९२३मध्ये ते बोस्टनला उतरले. मागे पत्नी शेषगिरी गरोदर होत्या. तीन वर्षांत येतो, असं सांगून गेलेला हा माणूस परत कधी आलाच नाही. मुलगा जन्मला आणि वर्षाच्या आत गेला. बापाने त्याला पाहिलं नाही. पंचवीस वर्षं पत्रं येत राहिली, पैसे येत राहिले, आणि येण्याचा वायदा पुढे सरकत राहिला. चरित्रकार याला संशोधनावरची निष्ठा म्हणतात. शेषगिरींनी याला काय म्हटलं असेल, ते वेगळं असू शकतं.

बोस्टनमध्ये शिकायला प्रवेश होता, पोटापाण्याची सोय नव्हती. पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात रात्रपाळीला हमाली केली, रुग्णांची भांडी धुतली. उष्णकटिबंधीय रोगांची पदविका घेऊन झाल्यावर ओटो फोलिन यांच्या जीवरसायन विभागात शिरकाव झाला आणि फिस्क यांच्याशी गाठ पडली. ती फळलीही आणि नडलीही.

फळली ती अशी, की फॉस्फरस मोजायची पद्धत हातात आल्यावर पेशीतल्या फॉस्फरसच्या संयुगांचं अख्खं रान मोकळं झालं. क्रिएटिन फॉस्फेट बाजूला काढला तरी स्नायूत आणखी काही फॉस्फरस उरत होता. त्याचा माग काढत ते एटीपीपर्यंत पोचले. पेशीत ऊर्जेची देवघेव ज्या नाण्यात चालते ते हे संयुग आज दहावीच्या पुस्तकात असतं. १९२९च्या उन्हाळ्यात मायरहॉफ यांच्याच जर्मनीतल्या प्रयोगशाळेतले कार्ल लोमान यांनी त्याची घोषणा केली. फिस्क आणि सुब्बाराव यांचं टिपण ‘सायन्स’मध्ये आलं ते ऑक्टोबरात. हार्वर्डमधलं काम आधीपासून चाललेलं होतं, पण छपाईत काही आठवडे मागे पडले आणि पुस्तकांत पहिलं नाव लोमान यांचं लागलं. हा चोरीचा मामला नव्हता. दोन ठिकाणी प्रामाणिकपणे झालेलं काम होतं आणि एकाने आधी छापलं.

नडली ती फिस्क यांच्या स्वभावामुळे. ते कमालीचे काटेकोर होते. शंभर टक्के खात्री झाल्याशिवाय कागद हातावेगळा करायचे नाहीत आणि सहकाऱ्यालाही करू द्यायचे नाहीत. त्या काळात हार्वर्डला असलेले आणि पुढे १९८८चं नोबेल मिळवणारे जॉर्ज हिचिंग्ज यांनी तर याहून कडक मत नोंदवलं आहे. फिस्क यांच्या असूयेमुळे सुब्बाराव यांचं न्यूक्लिओटाइडांवरचं काही काम उजेडात आलंच नाही, आणि इतरांना ते काही वर्षांनी नव्याने शोधावं लागलं, असं त्यांचं म्हणणं. १९३०मध्ये पीएच.डी. झाली, शिकवणंही चालू राहिलं, पण हार्वर्डने कायमची जागा काही दिली नाही.

इथून गोष्टीत मुंबईचं परळ येतं.

परळचं जुनं गव्हर्नमेंट हाऊस म्हणजे हाफकिन इन्स्टिट्यूट. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई तिथे आल्या. केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकलेल्या, मग लंडनला डॉक्टर झालेल्या आणि रक्ताच्या तपासणीत हात बसलेल्या. मुंबईत बाळंतपणात बायका का मरतात, याची चौकशी तेव्हा चालू होती, आणि त्यातलं एक कारण डोळ्यांत भरण्यासारखं होतं. गरोदर बायकांचं, त्यातही गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांचं रक्त इतकं कमी होई की बाळंतपण पेलत नसे. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी संख्येने थोड्या आणि आकाराने मोठ्या दिसत. अमेरिकेत ज्याला पर्निशियस ॲनिमिया म्हणत, त्याच्यासारखंच हे चित्र. त्या आजारावर मायनॉट आणि मर्फी यांनी १९२६ साली उपाय शोधला होता, रोज भरपूर कलेजी खाऊ घालायची. कलेजीचे शुद्ध केलेले अर्कही निघाले होते.

विल्सबाईंनी आधी जेवणाच्या ताटाकडे पाहिलं. ज्यांच्या आहारात भाजीपाला, फळं, दूध, मांस यांची वानवा, त्यांच्यात हा पंडुरोग जास्त. मग तोच निकस आहार उंदरांना घातला, पण उवांमधून पसरणाऱ्या एका संसर्गाने प्रयोगाचा विचका केला. पुढची पाळी माकडांची. एक माकड अगदी मरायला टेकलं तेव्हा बाईंनी त्याला मार्माइट चारलं, बिअर बनवून उरलेल्या यीस्टचा काळा, खारट अर्क, जो इंग्रज लोक पावाला लावून खातात. माकड उठून बसलं. मग तोच अर्क रुग्ण बायकांना दिला आणि त्यांचंही रक्त भरू लागलं. १९३१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हे आलं. पुढच्या कामात आणखी महत्त्वाची गोष्ट दिसली. पर्निशियस ॲनिमियावर चालणारा कलेजीचा शुद्ध अर्क या बायकांना लागू पडत नव्हता. कच्चा, गाळसाळ न केलेला अर्क लागू पडे, मार्माइट लागू पडे. म्हणजे कलेजीत एक नव्हे, दोन वेगळे पदार्थ होते, आणि शुद्ध करण्याच्या नादात दुसरा फेकला जात होता.

हा दुसरा पदार्थ पकडायला पुढची दहा-बारा वर्षं लागली. १९४१ साली टेक्सासमध्ये मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालक उकळून, गाळून त्याचा चिमूटभर अंश मिळवला आणि त्याला फॉलिक ॲसिड म्हटलं. चार टन पालकातून एवढंसंच निघणार असेल तर रुग्णाला देणार काय? ते कारखान्यात बनवता आलं पाहिजे, आणि त्यासाठी रेणूची घडण ठाऊक हवी.

सुब्बाराव १९४० साली हार्वर्ड सोडून लेडर्ली या औषध कंपनीत गेले. न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हरला तिची प्रयोगशाळा होती, आणि कलेजीच्या अर्काच्या कामामुळे कंपनीशी त्यांचा संबंध आधीपासून होता. थोड्याच काळात ते तिथले संशोधन संचालक झाले. विद्यापीठातला एकांडा मोजणीकार आता वनस्पतितज्ज्ञ, रसायनतज्ज्ञ, जंतुतज्ज्ञ आणि प्राण्यांवर चाचण्या घेणारे, अशा सगळ्यांचा ताफा हाकू लागला. माझ्या मते त्यांची खरी प्रतिभा इथे दिसते. मोजायची सोय झाली की कोडं अर्धं सुटतं, हे त्यांना फॉस्फरसने शिकवलं होतं. फॉलिक ॲसिड मोजायला इथे एका जंतूचा उपयोग झाला. दुधाच्या विरजणातला लॅक्टोबॅसिलस केसी हा जंतू या जीवनसत्त्वाशिवाय वाढत नाही. तेव्हा ज्या नळीत जंतू माजतो तिच्यात माल आहे. त्या खुणेने ई. एल. आर. स्टोकस्टॅड आणि ब्रायन हचिंग्ज यांनी पदार्थ शुद्ध केला, इतरांनी त्याचे तुकडे पाडून पाहिले, आणि ऑगस्ट १९४५मध्ये ‘सायन्स’मध्ये जाहीर झालं की तो हुबेहूब बनवता आला आहे. त्या लेखावर १६ जणांची नावं आहेत. सुब्बाराव त्यांत मध्येच कुठेतरी, आद्याक्षराच्या क्रमाने.

टॉम स्पाइज या डॉक्टरांनी लगोलग ते औषध रुग्णांवर वापरलं. मोठ्या पेशींचा पंडुरोग हटला, आणि क्यूबामधल्या रुग्णांचा स्प्रूही हटला. ज्या आजाराने भीमावरमच्या घरातले दोन भाऊ नेले, त्यावरची गोळी तिसऱ्या भावाच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडली होती. कादंबरीत कुणी हे लिहिलं असतं तर आपण ते ओढूनताणून आणलेलं म्हटलं असतं.

फॉलिक ॲसिडची दुसरी बाजू बोस्टनला उलगडली. मुलांच्या रुग्णालयातले विकृतितज्ज्ञ सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना फॉलिक ॲसिडची संयुगं देऊन पाहिली. रोग ओसरला नाही, उलट वेगाने वाढला. आजच्या नियमांत असा प्रयोग बसला नसता, आणि त्या मुलांच्या आईबापांना तेव्हा काय सांगितलं गेलं असेल या विचाराने अस्वस्थ व्हायला होतं. पण फार्बर यांनी त्यातून उलटा तर्क लढवला. फॉलिक ॲसिडवर रोग पोसला जात असेल, तर ते तोडल्यावर उपाशी मरेल. पर्ल रिव्हरच्या रसायनतज्ज्ञांनी मूळ रेणूत थोडा फेरफार करून तोतये रेणू बनवलेच होते. पेशी ते फॉलिक ॲसिड समजून आत घेते आणि तिचा कारभार ठप्प होतो. सुब्बाराव यांनी ते फार्बर यांना पुरवले. त्यांतल्या ॲमिनोप्टेरिनने काम केलं. जून १९४८मध्ये फार्बर यांनी लिहिलं की १६ मुलांवर उपचार केले आणि १० जणांत रोग मागे हटला. तो कायमचा हटला नाही, काही महिन्यांनी परतला. वैद्यकातल्या बऱ्याच मोठ्या मंडळींनी विश्वासच ठेवला नाही. तरी गोळ्या-इंजेक्शनांनी रक्ताचा कर्करोग काही काळ का होईना नमतो, हे पहिल्यांदा दिसलं होतं. ॲमिनोप्टेरिनचं सौम्य भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट. १९५६ साली मिन चिउ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी त्याने गर्भाशयातला एक कर्करोग पुरता बरा करून दाखवला.

लेडर्लीतूनच आलेल्या ऑरिओमायसिनचं श्रेय मात्र सुब्बाराव यांच्या पदरात घालायचं कारण नाही. सत्तरी ओलांडून विद्यापीठातून निवृत्त झालेल्या बेंजामिन डगर या वनस्पतितज्ज्ञांना कंपनीत घेतलं होतं. मिसूरीतल्या एका गवताळ शेताच्या मातीत त्यांना ती सोनेरी बुरशीसारखी वसाहत मिळाली, आणि त्यातून टेट्रासायक्लिन घराण्यातलं पहिलं प्रतिजैविक आलं. शोध डगर यांचाच. त्यांना वावरायला मोकळं रान देणं आणि मागे पैसा-माणसं उभी करणं ही संचालकाची कामगिरी. तीही लहान नाही, पण ती वेगळी आहे.

हेट्राझानची कथा आपल्या जवळची. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर अमेरिकी सैनिकांना हत्तीरोगाने गाठलं, आणि त्यावरच्या औषधाचा शोध पर्ल रिव्हरला सुरू झाला. १९४७ साली डायइथाइलकार्बामाझिन, म्हणजेच हेट्राझान, पुढे आलं. आपल्याकडे आरोग्य कर्मचारी त्याला नुसतं डीईसी म्हणतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्यात हत्तीरोगाच्या मोहिमेत घरोघर जाऊन वयाप्रमाणे मोजून दिल्या जाणाऱ्या आणि तिथल्या तिथे गिळायला लावल्या जाणाऱ्या त्या गोळ्या त्याच्याच.

ऑगस्ट १९४८मध्ये एका रात्री सुब्बाराव झोपेतच गेले. वय ५३. फार्बर यांचा लेख येऊन दोन महिने झाले होते आणि ऑरिओमायसिनची घोषणा नुकतीच झाली होती. भारतीयांना अमेरिकेचं नागरिकत्व घेता येईल असा कायदा १९४६ साली झाला होता, पण त्यांनी ते घेतलं नाही. कंपनीने पेटंटं आपल्या नावावर ठेवली. पत्रकार परिषदांत मागे उभं राहायची त्यांना सवय होती. पुढे १९५३ साली बुरशीच्या एका नव्या प्रजातीला एका सहकाऱ्याने त्यांचं नाव दिलं, सुब्बारोमायसिस, आणि १९९५ साली भारतीय टपाल खात्याने तिकीट काढलं. या सन्मानांपेक्षा वैज्ञानिकांनी त्यांना जास्त आठवलं ते १९२५च्या त्या पद्धतीमुळे. साठ-सत्तरच्या दशकांत संदर्भांची मोजदाद सुरू झाली, तेव्हा जगातल्या सर्वाधिक उद्‌धृत होणाऱ्या लेखांत फिस्क-सुब्बाराव ठाण मांडून होते. एटीपीवर, डीएनएवर, पेशीच्या आवरणावर काम करणाऱ्या माणसांना फॉस्फरस मोजावाच लागे, आणि लेखाखाली ही दोन नावं लिहावी लागत.

परळला हाफकिनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर टाटा मेमोरियल रुग्णालय आहे. मेथोट्रेक्सेट तिथे नेहमीच्या वापरात आहे. मोठ्या मात्रेने ते चढवलं की ठरावीक तासांनी फॉलिक ॲसिडचंच एक रूप देऊन निरोगी पेशींना सावरून घेतात. आमवातावर तेच औषध अगदी थोड्या मात्रेत देतात. त्या चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच असते, इतर दिवशी फॉलिक ॲसिड. समजदार डॉक्टर मेथोट्रेक्सेटचा वार मोठ्या अक्षरांत लिहितात आणि घरच्यांकडून तो म्हणवून घेतात, कारण ती गोळी चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं.